घरातच हाय मी

बद्रूचाचीच्या टेम्पोला सहा चाकं होती आणि तेच तिचं घर होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं. पुढं मला मध्येच कुणी थांबवलेलं चालत नाही. तिसगावच्या शाळेत बावीस वर्षं मुलांना शिकवल्यावर एवढा हक्क माणसाला मिळतोच.

बद्रुन्निसा हे तिचं पूर्ण नाव. तिचे यजमान मोहियोद्दीनचाचा पिंजाऱ्याचं काम करायचे. दिवाळी झाली की त्यांचा जुना चारशे सात टेम्पो शेवगाव-पाथर्डीच्या गावांतून फिरायला लागायचा. दर गावात आठ-पंधरा दिवस मुक्काम. डिसेंबर संपता संपता ते आमच्याकडं यायचे आणि महिनाभर आमच्या अंगणात, बोरीच्या झाडाखाली टेम्पो उभा करायचे. आमच्या घरातून वायर ओढली की मशीन सुरू. गावातल्या बायका दगडासारख्या झालेल्या गाद्या डोक्यावरून आणायच्या, चाचा त्या उसवायचे, कापूस मशीनमध्ये घालायचे आणि तो फुलून बाहेर पडायचा. मग चाची गादी भरून दाभणानं टाके घालायची. तिच्या हातचा टाका कुठल्या ओळीत सुरू झाला आणि कुठं संपला हे मला आजवर शोधता आलेलं नाही.

टेम्पोच्या मागच्या बाजूला मशीन आणि कापसाची पोती. त्यामागं प्लायवूडची भिंत, भिंतीत एक अरुंद दार. त्या दारापासून केबिनपर्यंतची सहा बाय सहाची जागा, तेवढं घर. साखळ्यांवर टांगलेली रुंद फळी रात्री खाली आली की पलंग व्हायचा, सकाळी वर गेली की बैठक मोकळी. कोपऱ्यात पाच किलोचा सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी. गाडी खड्ड्यात आदळली तरी डबे पडू नयेत म्हणून फळ्यांना पुढून पट्ट्या ठोकलेल्या, आणि प्रत्येक कपाला स्वतःचा खिळा. सगळ्यात वरच्या फळीवर मखमली कापडात गुंडाळलेलं कुराण. केबिनची मागची काच काढून तिथं वाकून जाता येईल एवढी वाट केली होती. केबिनला चाची ‘आमचा हॉल’ म्हणायची आणि स्वतःच हसायची.

घराचा नियम एकच होता. फाळका, म्हणजे टेम्पोच्या मागची खाली पडणारी फळी, हा तिचा उंबरा. चपला फाळक्याच्या खाली काढायच्या. गावचा सरपंच असो नाहीतर आमच्या बंगल्यातून आलेली मी असो, अनवाणी चढायचं. स्वतः ती टेम्पोही अनवाणीच चालवायची.

हो, चालवायची. चाचांना साखरेचा आजार, नजर अधू होत गेली, तेव्हा त्यांनीच तिला एका कोरड्या पाझर तलावात नेऊन गाडी शिकवली. परवाना काढून दिला. सुरुवातीला गाव जवळ आलं की दोघं जागा बदलायचे, लोकांनी बघू नये म्हणून. मग एका आठवडे बाजाराच्या दिवशी ती जागा न बदलता थेट तिसगावात शिरली. भाजीवाले उठून उभे राहिले म्हणतात. चाचा शेजारच्या सीटवर बसून पान लावत होते.

आता आमच्या बंगल्याबद्दल चार शब्द. सहा खोल्या आहेत. त्यातली एक पाहुण्यांची, तिला कुलूप असतं, कारण पाहुणे दोन तासांसाठी येतात आणि जेवून जातात. हॉलमध्ये सात माणसं बसतील एवढा सोफा, त्यावर धूळ बसू नये म्हणून चादर. दर रविवारी मी या सहा खोल्या पुसते आणि पुसताना मला एकही माणूस भेटत नाही. माझे यजमान भागवत यांनी कर्ज न काढता बंगला बांधला याचा मला अभिमान आहे. पण पाठ टेकायला मी जानेवारीत टेम्पोत जायची. तिथं बसल्या बसल्या चहाचा डबा, साखर, सुई, दोरा, आरसा, सगळ्याला हात पोचायचा. आणि मागचं दार उघडलं की समोर आमचीच गाय आणि आमचाच उकिरडा, पण तिथून बघताना ते मला आवडायचे.

एकदा मी तिला विचारलं, ‘चाची, नगरात तुमचं एवढं मोठं घर होतं. ते सोडून हे कसं सुचलं?’

ती म्हणाली, ‘मोठंच हुतं गं. चौदा मानसं. एकोनीस वर्सं राह्यले मी तिथं. चहाचा डबा कुठं ठिवायचा ते आदी सासूनं ठरवलं, मग जावंनं. मी एकदा खालच्या फळीवर ठिवला, तर दुसऱ्या दिशी परत वर. काय बोलले न्हाई. ह्यांनी टेम्पो आनला, हे सगळं ठोकून घेतलं आन् मला इच्यारलं, डबा कुठं पायजे? मी म्हन्लं, हितं. ते म्हन्ले, हितं तर हितं. त्या दिसापासून त्यो डबा तिथंच हाय.’

तिनं सांगितलं नाही ते मला आमच्या आत्यांनी सांगितलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, केशरबाई. चाचा-चाची टेम्पोवर निघाले तेव्हा त्यांचा एकुलता एक सैफ दहा वर्षांचा होता. त्याची शाळा नगरात. तो मोठ्या काकांकडं त्या चौदा माणसांच्या घरात राहिला, आणि आईबाप त्याला पावसाळ्याचे चार महिने भेटायचे, कारण पावसाळ्यात टेम्पो नगरला लागून असलेल्या केडगावला एका वेल्डरच्या शेडमध्ये उभा असायचा. आज सैफ तिशीत आहे. केडगावातच दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको अलिझा, कंपनीत नोकरी. मुलगा चांगला आहे, हे मी भांडणाच्या आधीच लिहून ठेवते.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. माझी मुलगी संस्कृती बारावीनंतर होस्टेलला जाणार म्हणून मी तिच्यासाठी रजई करायला टाकली होती. सव्वीस तारखेला झेंडावंदन करून मी घरी आले, तर चाचा फाळक्यावर बसून त्या रजईला टाके घालत होते. नजर अधू, पण हाताला टाका माहीत होता. मला म्हणाले, ‘बाई, लाडू आणले का शाळेतले?’ मी लाडू आणायला आत गेले. बाहेर आले तोवर त्यांनी दाभण रजईच्या कोपऱ्यात नीट खोचलं होतं आणि मान टेम्पोच्या पत्र्याला टेकवली होती. मला वाटलं डुलकी लागली. चाची मात्र दारातून एकदाच बघून खाली बसली.

दुपारी तिसगावच्याच कब्रस्तानात त्यांना दफन केलं. नगरहून माणसं आली, रडली, गेली. सैफ थांबला. तिसऱ्या दिवशी सगळे विधी झाल्यावर त्यानं विषय काढला.

‘अम्मी, सामान आवर. आपण घरी जाऊ. इद्दत माझ्याकडं बस.’

ते दोघं आपसात त्यांच्या बोलीत बोलत होते, मी आपल्या मराठीत सांगते. नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर न पडता बसायचं, त्याला इद्दत म्हणतात. नवे कपडे नाहीत, अत्तर नाही. हे मला ठाऊक होतं. सैफच्या खिशात टेम्पो विकायचा एक कागद होता, तो मात्र मला ठाऊक नव्हता. केडगावच्या एका माणसाला चारशे सातची चेसिस हवी होती. वरचं सगळं, म्हणजे फळ्या, साखळ्या, खिळे, प्लायवूडची भिंत, तो कापून भंगारात घालणार होता. टेम्पो चाचांच्या नावावर. विकायचा तर चाचीची सही लागणार होती, आणि चाचीला तो स्वतःच्या नावावर करून चालवायचा तर सैफची.

त्यानं पुढं केलेला कागद चाचीनं वाचला नाही. तिनं विचारलं, ‘इद्दत कुठं बसायची असते रे?’

‘घरात.’

‘कुठल्या?’

सैफनं कागदाची घडी घातली.

‘ज्या घरात नवऱ्याबरोबर राहत होते त्या घरात,’ चाची म्हणाली. ‘मी वीस वर्षं इथं राहिले. इथंच बसणार.’

‘अम्मी, हा टेम्पो आहे! लोक मला विचारतात, तुझी आई कुठं राहते. काय सांगू मी?’

इथं माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, ‘सैफ, गेल्याच महिन्यात इथं बसून तू संस्कृतीला मोबाईलवर रील दाखवत होतास. कोण ती परदेशातली नवराबायको, गाडीतच घर केलंय, आत दिव्यांच्या माळा. किती छान राहतात म्हणत होतास.’

‘ते हौसेनं राहतात, वहिनी.’

‘मग ही काय शिक्षा म्हणून राहते?’

त्याला राग आला आणि रागात त्यानं ती चूक केली. म्हणाला, तुम्हा कुणाला काय कळतंय, मी मौलानांनाच घेऊन येतो. मोटारसायकल काढून मशिदीत गेला आणि मौलानांना मागं बसवून घेऊनही आला. त्याला खात्री होती की मौलाना म्हणतील, बाई, हे असलं वाहनात बसणं चालत नाही, मुलाच्या घरी जा.

मौलाना साठीतले, सावकाश बोलणारे. चाची आत पडद्यामागं बसली. मौलाना टेम्पोपाशी आले, आणि बोलायला जवळ जावं म्हणून फाळक्यावर चढण्याआधी त्यांनी चपला काढून खाली ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मी आणि आत्या ओट्यावरून बघत होतो. आत्यांनी माझ्या हाताला चिमटा काढला.

‘आपा,’ मौलाना पडद्याकडं न बघता म्हणाले, ‘तुम्ही झोपायच्या कुठं?’

‘हितं.’

‘स्वयंपाक?’

‘हितंच.’

‘मोहियोद्दीनभाईंचे कपडे कुठं असतात?’

‘खिळ्याला हायेत. अजून काढले न्हाईत.’ चाचीचा आवाज पहिल्यांदा फाटला.

मौलाना मागं वळले. मग सैफला म्हणाले, ‘बेटा, नवरा गेला तेव्हा बाई ज्या घरात राहत होती, तिथं ती बसते. मला तर हे घर दिसतं.’

‘मौलाना, त्याला चाकं आहेत!’

‘चाकांबद्दल कुठं वाचल्याचं मला आठवत नाही,’ असं म्हणून मौलाना खाली उतरले आणि चपला घालून पायीच निघाले. सैफनं तो कागद परत खिशात घातला. जाताना म्हणाला, ‘बस तू. चैत्रात पत्रा तापला की तूच फोन करशील.’

टेम्पो आता सव्वाचार महिने आमच्या अंगणातून हलणार नव्हता. भागवतना ते जरा जड गेलं. बंगल्याचं तोंड झाकलं जातं, लोक काय म्हणतील, वगैरे. त्यांच्या आईनं जे ऐकवलं ते मी आहे तसं लिहिते.

‘तू कोपीत जलमलास. देवळालीच्या पल्याड, उसाच्या फडावर. पाचटाचं छप्पर आन् आत तीन पावलं जागा. पंचवीस हंगाम तसल्या घरात मी सौंसार केला. आता सलाप टाकला म्हून टेम्पोला नाक मुरडतोस व्हय?’

भागवत उठून गाईला चारा घालायला गेले.

चाचीच्या दिवसांना एक वळण पडलं. पहाटे अंधारात आमच्या न्हाणीघरापर्यंत जाऊन यायची, तेवढीच सूट; मग नमाज, मग चहा, मग टाके. मशीन बंद, पण हाताचं काम घरात बसून करायला हरकत नव्हती. बायका उशा आणून द्यायच्या, फाटलेल्या रजया आणायच्या. आत एका वेळी दोघींनाच बसता यायचं, म्हणून बाकीच्या फाळक्याखाली ओळीनं बसायच्या आणि आपली पाळी आली की अनवाणी चढायच्या. आमच्या हॉलमधला सोफा तसाच चादरीखाली. रोज संध्याकाळी चाची त्या खिडकीतून वाकून केबिनमध्ये जायची आणि पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायची, बॅटरी उतरू नये म्हणून. तो आवाज झाला की आत्या म्हणायच्या, ‘बद्रू हॉलमदी बसली बघा.’

रोजे आले, गेले. इफ्तारीला आत्या कलिंगड चिरून पाठवायच्या. ईदला चाचीनं जुनंच पातळ नेसलं.

आणि मग सैफ म्हणाला होता तसं झालं. एप्रिल लागला आणि पत्रा हात लावू देईना. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना मी काय सांगणार. दुपारी एक वाजता मी आत गेले तर चाची ओलं फडकं डोक्यावर घेऊन, डोळे मिटून बसली होती, ओठ सुकलेले. मी घाबरले. म्हणाले, ‘चाची, पुरे झालं. आमच्या पाहुण्यांच्या खोलीत पंखा आहे. दिवसापुरती ये. देव काही एवढं मोजत नाही.’

ती डोळे न उघडता म्हणाली, ‘देवाचं न्हाई गं. मी उतरले तर सैफ म्हनंल, बघ, ऱ्हाता येत न्हाई. आन् त्ये कापून टाकतील.’

मी आत्यांना सांगितलं. सत्तरी ओलांडलेल्या आत्यांनी जाऊन पत्र्याला हात लावून बघितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी भागवतना राहुरीकडं पाठवलं आणि जीप भरून उसाचं पाचट मागवलं, बांबू मागवले. कमरेला पदर खोचून त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि टेम्पोच्या टपावर दुसरं छप्पर चढवून घेतलं. भागवत पाचट थेट पत्र्यावर अंथरायला लागले तशा ओरडल्या, ‘हातभर जागा ठिव मदी! वारा खेळला पायजे. कोपी काय नुस्ती झाकायची असती का?’ दोन्ही बाजूंना गोणपाटाचे पडदे लावले, त्यांवर सकाळ-दुपार पाणी मारायचं माझ्याकडं आलं. तीन दिवसांनी दुपारी टेम्पोच्या आत आमच्या हॉलपेक्षा गार वाटायला लागलं. मी हे तोंडदेखलं म्हणत नाही. मी पेपर तपासायला तिथंच जाऊन बसायची.

सैफ दर रविवारी यायचा. डाळ, तांदूळ, औषधं आणायचा. बूट न काढता फाळक्यावर चढायचा, पिशवी ठेवायचा आणि उतरायचा. चाची दर वेळी त्याच्या बुटांकडं बघायची आणि गप्प राहायची. पाचटाचं छप्पर बघून तो एवढंच म्हणाला, ‘आता तर झोपडीच झाली.’ अलिझा मात्र एकदा आत दुपारभर झोपली आणि उठल्यावर म्हणाली, इतकी शांत झोप मला केडगावात लागत नाही. सैफनं तिच्याकडं रोखून बघितलं.

मे महिन्याच्या शेवटी, इद्दतीचे दहा-बारा दिवस उरले असताना, एका संध्याकाळी वादळ आलं. तांबडी धूळ आणि त्यामागं वारा. आमच्या गच्चीवरची पत्र्याची शेड, भागवतनी हौसेनं केलेली, अख्खीच्या अख्खी उचलली गेली आणि गोठ्यापलीकडं जाऊन पडली. टेम्पो डावीउजवीकडं हलत होता. पाचट उडत होतं. मी आणि आत्या ओट्यावर उभ्या राहून घसा फोडून ओरडत होतो.

‘बद्रू! घरात ये! अगं घरात ये!’

गोणपाटाचा पडदा बाजूला झाला. धुळीतून चाचीचं तोंड दिसलं, आणि तिचा आवाज एवढा मोठा मी कधीच ऐकला नव्हता.

‘घरातच हाय मी!’

आणि पडदा परत पडला.

तासाभरानं सगळं थांबलं. आम्ही धावत गेलो. छपराचं पाचट गेलं होतं, बांबू वाकले होते. आत चाची बसली होती, कप खिळ्यांना होते आणि चहाचा डबा त्याच्या जागी होता. तिनं शेगडी पेटवलेलीही होती. आमच्या बंगल्यात त्या दिवशी तीन खिडक्यांच्या काचा फुटल्या.

सकाळी उजाडताच सैफ आला. रात्रभर फोन लागत नव्हता म्हणून त्याला झोप नव्हती. आईला धडधाकट बघितलं आणि तो इतक्या जोरात ओरडला की बोरीवरचे पक्षी उडाले.

‘मेली असतीस तू! एका टेम्पोसाठी! नेहमी टेम्पोच! मी दहा वर्षांचा होतो, अम्मी. मला ताप आला की काकी विचारायची, डॉक्टरकडं न्यायचं का राहू दे. तू कुठल्या गावात आहेस ते पण मला माहीत नसायचं. याला तू मिळालीस. मला पावसाळा मिळाला. मी का नाही विकणार याला? माझा दोस्त आहे का हा?’

फाळक्यावर बसून तो मुठीनं पत्र्यावर मारत होता. तीस वर्षांचा माणूस. मी तिथून निघायला हवं होतं, पण पाय निघाला नाही.

चाची पुढं आली. पडद्याच्या आतच बसली, त्याच्यापासून हातभर अंतरावर.

‘ते चुकलं माझं,’ ती म्हणाली. ‘तुझी दहावी होईपर्यंत थांबायला पाहिजे होतं. नाही थांबले. त्या घरात अजून एक वर्ष काढलं असतं तर मला वेड लागलं असतं, पण ते तुझ्या वाटणीचं नव्हतं. तुझं मी घेतलं. ते मी परत देऊ शकत नाही.’

सैफ रडत होता.

‘पण म्हणून माझं घर कापू देणार नाही,’ चाची पुढं म्हणाली. आवाज तोच, जराही चढला नाही. ‘मी चुकले म्हणून तू मला दोन खोल्यांतल्या एका कोपऱ्यात बसवशील, आणि अलिझाला विचारून मी चहाचा डबा उघडीन. मला ते जमणार नाही. मी तुझ्याकडं येईन. घर घेऊन येईन. तुझ्या दारात उभं करीन, वाटलं तर महिनाभर. तू मला घरात ये म्हणू नको.’

सैफ उठला आणि गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. चाचीनं त्या दिवशी चाचांनी खोचून ठेवलेलं दाभण रजईच्या कोपऱ्यातून काढलं आणि त्यांच्या शेवटच्या टाक्यापासून पुढं सुरुवात केली. चार महिने तिनं त्या रजईला हात लावला नव्हता. दोन दिवसांत ती पूर्ण करून तिनं माझ्या हातात दिली. दोघांचे टाके जिथं भेटतात ती जागा शोधत मी बराच वेळ बसले. ती सापडत नाही.

जूनच्या पाच तारखेला, इद्दत संपल्यावर, चाची सकाळी फाळक्यावरून खाली उतरली. इतक्या दिवसांनी उजेडात पाय जमिनीला लागले तेव्हा ती जरा डगमगली, आत्यांनी धरलं. ती कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत चालत गेली, बाहेरूनच दुवा मागितली, परत आली. मग तिनं चारही बाजूंनी टेम्पोला फेरी मारली, टायरांवर लाथ मारून हवा बघितली, पाणी बघितलं, ऑइल बघितलं. आत्यांचे वाकलेले बांबू तिनं सोडून टपावर बांधून घेतले, पुढच्या उन्हाळ्याला लागतील म्हणाली. फाळका वर करून कड्या लावल्या आणि चपला हातात घेऊन केबिनमध्ये चढली.

तेवढ्यात सैफची मोटारसायकल फाटकातून आत आली आणि बरोबर टेम्पोच्या पुढ्यात थांबली. त्यानं गाडी स्टँडला लावली. टेम्पोच्या समोर, मधोमध, हाताची घडी घालून उभा राहिला. आत्यांनी तोंडाला पदर लावला.

‘कुठं निघालीस?’

‘केडगावला. तुझ्याकडं.’

‘कागदावर अजून अब्बांचं नाव आहे.’

‘माहीत आहे. सही तू देशील नाहीतर नाही देशील.’ चाचीनं चावी फिरवली. रोज पाच मिनिटं चालवलेलं ते इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. ‘पण आज मला निघायचंय. तू बाजूला हो, नाहीतर वर ये.’

सैफ तसाच उभा.  चाची टेम्पो पुढं नेणार नव्हती, हे मला माहीत होतं. पोटचं पोर समोर होतं. पण तिनं इंजिन बंदही केलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भागवत बाहेर आले, काही बोलणार होते, आत्यांनी हात वर करून त्यांना जागच्या जागी थांबवलं.

मग सैफ डाव्या बाजूला गेला आणि त्यानं दार उघडलं. एक पाय पायरीवर ठेवला.

‘बूट,’ चाची म्हणाली. ती समोर रस्त्याकडं बघत होती. ‘बूट काढ, सैफ. घर आहे.’

वीस वर्षांत तिनं हे त्याला कधी म्हटलं नव्हतं. म्हणायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटत आलं असावं. सैफनं पाय खाली घेतला. आमच्या अंगणात, बोरीच्या काट्यांत, तो एका पायावर उभा राहून बुटाची नाडी सोडायला लागला. दुसरी सोडताना तोल गेला म्हणून त्यानं टेम्पोचं दार धरलं. मग दोन्ही बूट हातात घेऊन तो वर चढला, आणि ते कुठं ठेवायचे हे त्यानं आपल्या आईला विचारलं.